अंजर्ल्याला कुत्रा घेऊन जाताय? डांबरी रस्त्याने उतरू नका

काल रात्री साडेदहाला दापोलीजवळच्या अंजर्ल्याहून पुण्यात पोचलो. आमची कुत्री गुंडी आल्या आल्या तिच्या गोधडीवर जाऊन पडली ती अजून उठलेली नाही. पुढच्या दोन्ही पायांत माझे जुने मोजे, वर चिकटपट्टी. ती झोपलीय तोवर हे लिहून काढते. दोन दिवस गेले की राग निवेल आणि मग मीही विचारेल त्याला ‘छान झाली ट्रिप’ एवढंच सांगून मोकळी होईन.

गुंडी सहा वर्षांची, गावठी, अठरा किलोची. रोज दोन्ही वेळचं मिळून पाच किलोमीटर चालते, सिंहगड दोनदा चढलीय. तुमच्या कुत्र्याला एवढी सवय नसेल तर खाली कड्यावरच्या गणपतीच्या देवळाची जी पाखाडी (चढणीची पायवाट) सांगणार आहे तिचा विचारच करू नका. गाडीने थेट वर देवळापर्यंत जा.

आधी घाटाचं. ताम्हिणीतून गेलो, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव आणि पुढे आंबेतवरून मंडणगड. गुंडीला गाडी लागते हे आम्हाला माहीत होतं, तरी पहाटे पाचला तिला दहीभात घातला, कारण उपाशी कसं न्यायचं असं वाटलं. ताम्हिणी संपेपर्यंत ती तीनदा ओकली. निघण्याआधी चार तास पोट रिकामं ठेवायचं, पाणी थोडं थोडं पाजायचं आणि खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. परतताना एवढंच पाळलं आणि येताना एकदाही काही झालं नाही. दर तासाला थांबा, पण घाटाच्या वळणांवर नको. तिथे माकडं असतात आणि पट्ट्याला असा हिसका बसतो की हात खांद्यातून निघेल.

आता मुक्कामाचं, कारण पहिली फसवणूक तिथे झाली. फोनवर मी स्पष्ट विचारलं होतं, “आमचा कुत्रा बरोबर आहे, चालेल ना?” “चालेल की ताई, आमच्याकडे पण आहेत दोन.” खोलीचे दोन हजार रुपये ठरले, एका रात्रीचे पैसे आधी पाठवले. पोचल्यावर मालकांनी गुंडीकडे पाहिलं आणि म्हणाले, कुत्र्याचे रात्रीचे आठशे वेगळे, खोली धुवायचे हजार आधी भरायचे आणि कुत्रा खोलीत नाही, मागे माडाला बांधायचा. दुपारचे तीन वाजलेले, तीन वेळा ओकून अर्धमेली झालेली गुंडी माझ्या पायाशी पडलेली आणि हे गृहस्थ मला माड दाखवतायत! मी म्हटलं, फोनवर हे का नाही सांगितलं? तर म्हणाले, तुम्ही विचारलंच नाहीत.

म्हणून आता सांगते ते सगळं विचारा. कुत्रा खोलीत झोपेल का, पलंगावर चढला तर चालेल का, त्याचे वेगळे पैसे किती, आवाराला गडगा किंवा कुंपण आहे का, तुमची कुत्री मोकळी असतात की बांधलेली. मिळालेली उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. लिहून द्यायला का कू करतील तिथे जाऊ नका. ‘चालेल’ याचा अर्थ फक्त ‘फाटकाच्या आत आलेला चालेल’ असा असू शकतो.

आम्ही दिलेले दोन हजार सोडले आणि निघालो. गावात विचारत विचारत एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी पोचलो. सुपारीची वाडी, पुढे सारवलेलं खळं, पडवीत लाकडी झोपाळा. आजींनी खोलीच्या आधी गुंडीला पाणी दाखवलं, तेही नारळाच्या करवंटीत. “तिला काय बांधून ठेवायची नाय हो. जाईल कुठं? दमलीय ती.” तीन रात्री राहिलो, खोलीचे रोज बाराशे दिले, कुत्र्याचा म्हणून एक रुपया घेतला नाही. त्यांचा नंबर इथे देणार नाही. त्यांना जाहिरात नकोय, आलेल्या माणसांचं बघून ठरवतात. गावात विचारलंत तर अशी आणखी घरं सापडतील.

दुसरा दिवस मजेत गेला. झोपलो, जेवलो, संध्याकाळी वाळूत बसलो.

तिसऱ्या दिवशी कड्यावरचा गणपती. हा उजव्या सोंडेचा गणपती, डोंगराच्या कड्यावर देऊळ, वरून समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. देव पूर्वी खाली किनाऱ्यावर होता, समुद्र चढू लागला तेव्हा एक पाऊल मध्ये टेकवून वर गेला अशी गावाची श्रद्धा आहे. त्या पावलाची खूण पाखाडीच्या वाटेवर पाहायला मिळते. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या दगडांची पायऱ्यापायऱ्यांची वाट. चढ खडा आहे, पण बऱ्याच ठिकाणी झाडं आहेत. साडेदहाला निघालो, गुंडी आमच्या पुढे. वर कुत्र्याला आत नेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आधी नवरा दर्शन घेऊन आला, मग मी गेले, तेवढा वेळ ती बाहेर सावलीत बसली. इथपर्यंत सगळं छान.

परत निघताना एका दुकानदाराने सांगितलं, “पाखाडीनं कशाला उतरताय, गुडघे जातील. डांबरी रस्त्यानं जा, सरळ आहे.” चांगल्या मनाने सांगितलं त्याने, पण तो माणसाच्या गुडघ्यांचं बोलत होता. आम्ही ऐकलं. बारा वाजून गेले होते. फेब्रुवारी महिना, पुण्यात अजून पहाटे गारवा असतो, आणि इथे डांबर चटके देत होतं. पहिली दहा मिनिटं गुंडी नेहमीसारखी चालली. मग रस्त्याच्या कडेच्या वाळक्या गवतावरून चालू लागली. मला वाटलं काहीतरी हुंगतेय. मग एक पंजा उचलून थांबली, तो टेकवला, दुसरा उचलला. मग खालीच बसली आणि लगेच उठली, कारण बसायलाही भाजत होतं.

मी तिचा पंजा हातात घेतला. मधल्या मोठ्या गादीची कातडी एका कडेने सुटली होती, दुधावरची साय चमच्याने सरकवावी तशी, आणि आतलं मांस गुलाबी, ओलं. ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तिथून खालपर्यंत आम्ही तिला आळीपाळीने खांद्यावर घेऊन उतरलो. अठरा किलो, गरम अंग, कानाशी सतत धापा. चाळीस मिनिटं लागली. जवळ होतं नव्हतं ते पाणी तिच्या पोटावर आणि पंजांवर ओतलं, आम्हाला प्यायला उरलं नाही. दोन गाड्या हात करूनही थांबल्या नाहीत. तिसरी एका भाजीवाल्याची, त्याने वळणापासून आजींच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि पैसे घेतले नाहीत.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तोंडाने धापा टाकूनच अंग निववतो, थोडाफार घाम येतो तो पंजांना, आणि तेच पंजे तापल्या डांबरावर असतात. रस्त्याला हाताची मागची बाजू टेकवून सात सेकंद धरता आली तर कुत्रा चालेल, नाही तर नाही. हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं. त्या दिवशी वाकून हात लावला नाही. कोकणात सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी डांबरावर किंवा उघड्या जांभ्यावर कुत्र्याला चालवू नका. महिना कोणताही असो.

दापोलीत पशुवैद्यांनी जखम सलाईनने धुतली, पातळ केलेलं बेटाडीन लावलं, पट्टी बांधली आणि चाटू देऊ नका म्हणाले. म्हणून मोजे. सामानात चार जुने सुती मोजे, चिकटपट्टी, बेटाडीन, गोचीड काढायचा चिमटा आणि लसीकरणाचं कार्ड एवढं असलंच पाहिजे. सुपारीच्या वाड्यांत गोचीड भरपूर. रोज रात्री कानामागे, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली बघायचं. आम्हाला तीन रात्रींत अकरा सापडल्या.

किनाऱ्याबद्दलही सांगते. मी मनात चित्र रंगवलं होतं की गुंडी मोकळ्या वाळूत सुसाट धावेल. पहिल्याच पहाटे एक कासवमित्र भेटले. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंजर्ले, वेळास, केळशी या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. गावातली मंडळी ती काढून कुंपणाच्या आत पुरतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना समुद्राकडे सोडतात. “ताई, पट्टा सोडू नका हां. कोल्हा नि कुत्रा, दोघंही वाळू उकरतात.” मी लगेच पट्टा मनगटाला गुंडाळला. पाच मिनिटांत गुंडीने खेकड्याच्या बिळाशी कोपरापर्यंत खड्डा केला, तेव्हा ते काय म्हणत होते ते डोळ्यांनी दिसलं. या महिन्यांत तुमचं कुत्रं कितीही शहाणं असलं तरी लांब दोरी बांधूनच न्या. आणि वाळूवर पडलेले मेलेले मासे तोंडात घालू देऊ नका. फुगलेला, काटेरी केंड मासा पडलेला असेल तर तो विषारी असतो.

हर्णैच्या मासळी लिलावाला कुत्रा नेऊ नका. नवरा एकटा जाऊन आला. होड्यांपासून मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात, बर्फ, टोपल्या, पायात पाय. त्याने दोन सुरमया आणल्या, आजींनी तळल्या, मधला काटा काढून एक बिनमिठाचा उकडलेला तुकडा गुंडीला.

चौथ्या दिवशी पहाटे निघण्याआधी तिला उचलून किनाऱ्यावर नेलं. ओहोटी होती. ओली वाळू गार होती म्हणून पायातल्या पट्ट्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून तिला खाली ठेवलं. चार पावलं लंगडत गेली आणि लाटेचा फेस तिच्याकडे आला तशी दोन्ही कान मागे टाकून त्याच्यावर भुंकली. फेस मागे गेला. तिने शेपटी हलवली, पुन्हा वाट बघत उभी राहिली, पुन्हा भुंकली. वीस मिनिटं हेच चाललं होतं. पायाचं दुखणं ती विसरली होती, आणि त्या वीस मिनिटांसाठी मी ताम्हिणी पुन्हा उतरेन.

डिसेंबरात परत जायचं आहे, आजींना तसं सांगून आलोय. पाखाडीने चढू, पाखाडीनेच उतरू, आणि सकाळी नवाच्या आत खाली.