मस्कीसाठी दिवसभरात गळ किती वेळा फेकावा?

उत्तर अमेरिकेतील मस्की या माशाला तिकडचे शौकीन ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात, म्हणजे एक मासा लागायला गळ इतक्या वेळा फेकावा लागतो. इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींत गळाचा नाद असणारे थोडेच, आणि त्यांचीही सवय मंडलेश्वरला नर्मदेकाठी कणकेची गोळी लावून पाण्यावरच्या बुचाकडे पाहत बसण्याची. त्यामुळे विस्कॉन्सिनला पुतण्याकडे जाऊन आल्यापासून रामबागेतले स्नेही मला विचारतात, ‘‘अहो, दिवसभरात माणूस फेकतो तरी किती वेळा?’’

हिशेब सोपा आहे. फिरत्या पात्यांचे नकली आमिष तीस मीटरवर टाकून रीळ फिरवत नावेपर्यंत ओढून आणायला साधारण पाऊण मिनिट लागते. म्हणजे तासाला ८० फेकी झाल्या, आणि नाव हलवणे, दोर सोडवणे, जेवण वगळून सहा तास हाती उरले तर ४८० झाल्या. या गतीने दहा हजारांचा आकडा गाठायला तीन आठवडे लागतात. तो आकडा अर्थात कोणी मोजून ठरवलेला नाही, पण निराधारही नाही. कारण मस्की हा एकटा राहून पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरणारा शिकारी मासा असून चांगल्या समजल्या जाणाऱ्या तलावातही एकरामागे सरासरी एक प्रौढ मासा भरत नाही. शिवाय आमिष दिसले म्हणजे तो धरेलच असे नाही. पुष्कळदा तो नुसता त्याच्या मागोमाग नावेपर्यंत येतो.

म्हणूनच फेकीचा शेवट मला तिच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आमिष नावेजवळ आले की ते उचलायचे नाही. रॉडचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मोठी, रुंद वळणे घ्यायची आणि वळणावर वेग किंचित वाढवायचा. मी एकदा आमिष वर काढणार तोच पुतण्या हलकेच म्हणाला, ‘‘काका, राहू द्या, मागे आहे.’’ आमिषामागे हातभर अंतरावर, तपकिरी पाण्यात, पाठ आधी दिसली आणि मग चपटे, लांब तोंड. दुसऱ्या वळणावर तो खाली गेला, पण असे कित्येक मासे ऐन नावेशीच लागतात.

दुपारनंतर खांदे भरून आले की माणूस हीच वळणे आधी गाळतो. रबराची मोठी आमिषे तर जवळजवळ अर्धा किलो वजनाची असतात आणि ती तासाला ८० वेळा फेकणे कोणालाही झेपणारे नाही. अशा वेळी हलके आमिष घ्यावे, फेकी कमी कराव्यात आणि सूर्यास्ताच्या सुमारासाठी हात ताजा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मासा तेव्हा अधिक लागतो असे मानून चंद्रोदय-चंद्रास्ताच्या वेळाही तिकडचे जाणकार कसोशीने पाळतात.

एका स्थितीत मात्र मस्कीसाठी गळ टाकूच नये. पकडलेली मस्की बहुतेक जण परत सोडतात. पण पाणी साधारण २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले की झुंजीने दमलेला मासा सोडल्यावरही पुष्कळदा दगावतो. पुतण्या नावेवरच्या तापमापकाचा आकडा आधी पाहतो आणि तो चढलेला असला तर मस्कीचे रॉड बाहेर काढतच नाही.