जुन्या चर्चचं खासरा पत्रक काढताना

वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, वस्तीच्या कडेला दगडमातीची एक लांबट इमारत उभी आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, ती 'पडीक गोदाम' म्हणून लागली आहे, आणि तरणी पोरं तिला निजामाची कचेरी समजतात. माझ्या आजीचं लग्न तिथंच, फादरांसमोर लागलं. रस्त्यालगत नवीन चर्च झाल्यावर इथली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, थांबली, आत कडबा भरला. पाडायचा ठराव येणार असं कळलं आणि मी कागद काढायला निघालो.

चर्चकडचे कागद लगेच मिळाले. फादरांनी जुनी लग्नाची वही पुढ्यात ठेवली, आजीची नोंद लॅटिनमध्ये सापडली. या भागात फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातून आलेले फ्रान्सालियन फादर काम करत, त्यामुळे गावाचं नावही त्यांच्या कानाला आलं तसं लिहिलेलं. पण लग्नाच्या नोंदीवरून जागा सिद्ध होत नाही.

खरा छळ झाला तो खासरा पत्रकासाठी. खासरा पत्रक म्हणजे कुठली जमीन कुणाच्या कब्जात होती याची सर्वे नंबरवार नोंद; मराठवाड्यात 1954-55 चं हे पत्रक जुन्या कब्जाचा मोठा पुरावा. रेकॉर्ड रूममधले कारकून म्हणाले, "काका, जुना सर्वे नंबर आणा. गटावर खासरा निघत नसतो." सातबाऱ्यावर तर फक्त जमीन एकत्रीकरणानंतरचा नवा गट नंबर. भूमी अभिलेखला गेलो, तर "तहसीलला विचारा." तहसीलला परत आलो, तर "भूमी अभिलेखचं काम आहे ते." दोन्ही टेबलांना उत्तर माहीत होतं, अर्जावर लिहून मात्र कुणी देईना. म्हातारी माणसं या दोन कचेऱ्यांमध्ये अशीच दमून परत जातात, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गाठ सोडवली ती गावातल्या एका निवृत्त तलाठ्यांनी. ते म्हणाले, "एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा माग. 'जुनं रेकॉर्ड' असं मोघम लिहू नको." तेवढे शब्द अर्जात घातले आणि भूमी अभिलेखमधून गटाचा जुना सर्वे नंबर निघाला. तरी तहसीलला नवं कारण तयारच: पत्रक जीर्ण आहे, नक्कल मिळणार नाही. हे लेखी द्या म्हणालो आणि माहितीच्या अधिकारात अभिलेख तपासणीचा अर्ज टाकला. मग लाल फडक्यातलं बाड खाली आलं. कडा हाताला लागताच झडत होत्या, पण आमची ओळ शाबूत होती: कब्जेदार 'मिशन', शेऱ्यात 'देऊळ', म्हणजे आमचं चर्चच. मी तिथंच मोठ्यानं वाचून दाखवलं.

निजामाच्या काळातला कागद हाती आला तर साल फसली, म्हणजे त्या काळच्या महसुली सनाचं असतं. त्यात 590 मिळवा, इसवी सन साधारण कळतं. बिशप हाऊसकडे पत्र लिहिण्याआधीही साल बघा. 1955 पूर्वी हा भाग नागपूर धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपच्या अखत्यारीत होता, मग अमरावतीत गेला, आणि औरंगाबाद धर्मप्रांत 1977 मध्ये झाला. त्यामुळे पत्रव्यवहार तिन्हीकडे विखुरलेला असू शकतो.

नक्कल घ्याल ती शिक्का-सहीची, प्रमाणितच घ्या. तीच जोडून मी नमुना आठच्या दुरुस्तीचा अर्ज दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. आता ग्रामसभेत हा विषय मीच मांडणार आहे.