बॅरल रोज साफ करायची का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रेंजवर मुलाला पहिल्यांदा .२२ ची (साधारण ०.२२ इंच नळीची) पिस्तूल मिळाली की आई-वडील हमखास विचारतात, "सर, बॅरल, म्हणजे नळी, रोज साफ करायची ना?" नेमबाज राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकल्यानंतर हा प्रश्न जास्तच कानावर यायला लागला.

माझं उत्तर: घासू नका. गोळी शिशाची, मऊ. पोलादाचं ती फारसं काही बिघडवत नाही. बिघडवतो तो साफसफाईचा रॉड. एका मुलाच्या पिस्तुलाचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर गोळ्या पडतात तो पुंजका, अचानक फाकला होता. आम्ही ग्रिप बदलली, काडतुसं बदलली, पोराचं ट्रिगर दाबणं चुकतंय म्हणून त्याला बोललोसुद्धा. शेवटी भिंगातून बॅरलचं तोंड पाहिलं, तर आतली कड एका बाजूनं झिजलेली. घरी रोज पुढून लोखंडी रॉड घालून साफसफाई चालायची. गोळी बाहेर पडताना मागचा वायू चहूबाजूंनी सारखा सुटायला हवा. कड झिजली की तो एकीकडून आधी सुटतो आणि गोळीला धक्का बसतो. २५ मीटरवर दहा गुणांचं मधलं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. तिथं एवढंसं पुरतं. त्या पोराला बोललो, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, आणि मग पुलथ्रू, म्हणजे साफसफाईची दोरी, मागून, चेंबरकडून पुढे ओढा. रोजच्या सरावानंतर फेल्टचे (नमद्याचे) दोन-तीन तुकडे पुरतात. चेंबरच्या जरा पुढं शिसं साचतं. ग्रुप बिघडायला लागला तरच तिथं ब्राँझचा ब्रश फिरवा.

आता गंज. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचं मीठ नळीत उरायचं, हवेतलं पाणी ओढायचं. म्हणून त्या काळी सैनिक नळीत उकळतं पाणी ओतायचे. आजच्या .२२ ला ती भीती नाही. पण मुंबईचा जुलै आहे, हाताचा घाम आहे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पेटीतला फोम. तो ओल धरून बसतो. पिस्तूल ओल्या पेटीत पंधरा दिवस बंद ठेवलं की पोलादावर नारिंगी ठिपके उठतात. पावसाळ्यात पेटी उघडी ठेवून फोम वाळवा, सिलिका जेलच्या पुड्या बदला, नळीत तेलाचा अगदी पातळ हात द्या.

नेमबाजीआधी ते तेल मात्र कोरड्या फेल्टनं काढायचं. तेलकट किंवा नुकत्याच साफ केलेल्या नळीतून पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात, आणि स्पर्धेत प्रिसिजनच्या (सावकाश नेमाच्या) फेरीआधी साइटर, म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या, मिळतात फक्त ५. त्यामुळे मी सामन्याच्या आदल्या सरावानंतर बॅरलला हातच लावू देत नाही.

आणि सफाई झाली की मुलांना साबणानं हात धुवायला लावा, मगच वडापाव. बोटांवरच्या त्या काळ्या पुडीत शिसं असतं.