"माल दाखवा": चिपळूणच्या पुरानंतरचे आठ महिने

३१ जुलै २०२१ ला दुपारी विमा कंपनीने नुकसान मोजायला पाठवलेले सर्व्हेअर आमच्या दुकानात आले, मोकळ्या फळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, माल दाखवा." त्या एका वाक्यापायी आमचा विम्याचा क्लेम आठ महिने अडकून पडला. आजही आठवलं की डोकं तापतं. म्हणून सगळं लिहून काढते आहे.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेलं. खाली दुकान, वर आम्ही राहतो. २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ अण्णांनी भिंतीवर ऑइलपेंटने ओढून ठेवली होती, साडेपाच फुटांवर. त्या हिशेबाने दुकानात आठ फुटांवर माळा करून घेतला होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं आणि शिव नदीचं पाणी शिरलं ते त्या रेघेच्या वर पावणेदोन फूट गेलं. माळ्यावरचा माल तेवढा वाचला. बाकीचं सगळं गेलं. पूर कसा होता ते चिपळूणकरांना सांगायला नको, बाहेरच्यांनी टीव्हीवर बघितलंय.

पाणी उतरल्यावर कापडाचं काय होतं ते मात्र सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. गठ्ठे चिखलाचं पाणी पिऊन फुगतात. आमच्या फळ्या त्या फुगण्याने आतून तडकल्या. एक ओला गठ्ठा हलवायला दोन माणसं लागत होती. साड्यांचे रंग एकमेकींत उतरलेले, चादरींच्या घड्या उलगडल्या की आत बोटभर गाळ. तिसऱ्या दिवशी वास सुटला. वीज नाही, नळाला पाणी नाही, लेप्टोच्या तापाची भीती, आणि वर घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा. अख्ख्या पेठेने माल रस्त्यावर काढला. जेसीबी आणि डंपर फिरत होते, ते ढीग उचलून नेत होते. आम्हीही २५, २६ आणि २७ जुलै असे तीन दिवस माल काढला. दुसरं काय करणार होतो?

क्लेम कळवणं तसं सरळ झालं. चिपळुणात रेंज नव्हती म्हणून २५ तारखेला हे ओळखीच्यांची मोटरसायकल घेऊन सावर्ड्याला गेले, तिथून हेल्पलाइनला फोन केला, नंबर मिळाला, ई-मेलही टाकला. पॉलिसीचा कागद भिजून गेला होता, पण दुकानावर कॅश क्रेडिट (माल तारण ठेवून बँकेकडून उचलायचं कर्ज) असल्याने बँकेकडे प्रत होती. तलाठ्यांचा पंचनामा झाला. फर्निचरचा क्लेम फोटोंवर आणि सुताराच्या कोटेशनवर निघाला. त्याबद्दल तक्रार नाही.

(पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विमा कंपनीचा सर्व्हे वेगळा. आमच्या गल्लीत दोघांनी "पंचनामा झालाय की" म्हणून कंपनीला कळवलंच नव्हतं. पंचनाम्याची प्रत मात्र विम्याच्या फाइलला लागतेच.)

आता ३१ जुलै. सर्व्हेअर बाहेरगावचे, तरुण, बोलायला सभ्य. दरडींमुळे रस्ते बंद होते, त्यामुळे आले तेच नवव्या दिवशी. मी म्हटलं, "माल डंपरमधून गेला." ते म्हणाले, "मग मी रिपोर्टमध्ये काय लिहू? मी न बघितलेला माल कसा लिहू?" मागच्या खोलीत काही गठ्ठे शिल्लक होते, दार फुगून अडकल्यामुळे आम्हाला काढता आले नव्हते. ते त्यांनी मोजले. ३ लाख ६० हजारांचा माल. भिंतीवरची पाण्याची खूण टेप लावून मोजली, आणि गेले.

मग कागदांची यादी आली. मागच्या वर्षांचे ताळेबंद, खरेदीची बिलं, जीएसटी रिटर्न, बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे दुकानात किती माल आहे त्याची पत्रकं. आमच्या खरेदीच्या फायली पाण्यात गेलेल्या, अकाउंटंटच्या ऑफिसातला कॉम्प्युटरही गेलेला. २८ ऑगस्टपर्यंत जमतील तेवढे कागद दिले. त्यानंतर शांतता. फोन केला की "फाइल प्रोसेसमध्ये आहे". कोणाच्या टेबलावर आहे, काय कमी आहे, काही नाही. सप्टेंबर असाच गेला. विमा नियामकाच्या तेव्हाच्या, २०१७ च्या नियमांत सर्व्हेअरला नेमणुकीपासून ३० दिवसांत रिपोर्ट द्यायचा होता, आणि अंतिम रिपोर्ट मिळाल्यावर कंपनीला ३० दिवसांत निर्णय. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर सप्टेंबरमध्येच लेखी विचारलं असतं. फोनवर विचारलेल्याला काही किंमत नसते, फोन ठेवला की तो झालाच नाही असं होतं.

१२ ऑक्टोबरला ई-मेल आला. क्लेम २ लाख ५६ हजार ५०० रुपयांना मान्य, सहमतीपत्रावर सही करून पाठवा.

अण्णा म्हणाले, "सूनबाई, सही कर. दिवाळी तोंडावर आहे. मिळतंय ते घे." ह्यांचंही तेच. मी दोन दिवस मागून घेतले. रात्री तो हिशेब कागदावर पुन्हा मांडला तेव्हा मला ती गोष्ट दिसली.

आमच्या मालाचा विमा १५ लाखांचा होता. प्रत्यक्षात दुकानात २० लाखांचा माल होता, कारण एप्रिल-मेच्या लग्नसराईसाठी भरलेला माल लॉकडाऊनमुळे तसाच पडून होता. विमा कमी आणि माल जास्त असला की भरपाई त्याच प्रमाणात कापतात. १५ भागिले २०, म्हणजे पाऊण. ३ लाख ६० हजारांचे पाऊण २ लाख ७० हजार. त्यातून पुरासारख्या आपत्तीत विमा घेणाऱ्याने स्वतः सोसायचे असतात ते पाच टक्के, किमान दहा हजार, वजा. उरले २ लाख ५६ हजार ५००. हिशेब बरोबर.

पण २० लाखांचा आकडा त्यांनी घेतला कुठून? बँकेला दिलेल्या जूनअखेरच्या स्टॉक स्टेटमेंटमधून. म्हणजे आमची भरपाई कापताना दुकानात २० लाखांचा माल होता हे त्यांना मान्य, आणि नुकसान मोजताना दुकानात फक्त डोळ्यांना दिसलेला ३ लाख ६० हजारांचा माल! माळ्यावर ४ लाख ४० हजारांचा कोरडा माल होता, तोही त्यांनीच मोजला होता. मग मधला १२ लाखांचा माल गेला कुठे? लॉकडाऊनमध्ये बंद असलेल्या दुकानातून विकला?

मला त्या रात्री झोप आली नाही. सकाळी अण्णांना कागद दाखवला. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "मग लिही त्यांना."

लिहिलं. सहमतीपत्र परत केलं नाही, मान्य नसल्याचं पत्र पाठवलं, आणि त्यात एवढा एकच प्रश्न ठेवला. उत्तर आलं की प्रत्यक्ष पडताळणी न झालेला माल विचारात घेता येणार नाही. माझ्या प्रश्नाचं त्यात उत्तरच नव्हतं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. त्या पंधरा दिवसांत मी जेवढी चिडले तेवढी पुराच्या वेळीही चिडले नव्हते. पुरात निदान कोणी आपल्याला खोटं ठरवत नाही.

नोव्हेंबरमध्ये दिवाळी झाल्यावर मी मार्ग बदलला. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे रीतसर तक्रार, आणि विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवरही नोंद. आता त्या पोर्टलचं नाव बीमा भरोसा आहे. सोबत १२ लाखांच्या मालाचा पुरावा उभा करायला बसले.

सगळ्यात जास्त मदत जीएसटीने केली. आपली बिलं बुडाली तरी समोरच्या व्यापाऱ्याने भरलेल्या रिटर्नमुळे आपली खरेदी पोर्टलवर जीएसटीआर-२ए मध्ये दिसते: बिल नंबर, तारीख, रक्कम. तिथून सगळी यादी काढली. मग सुरत आणि इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांकडून खात्याचे उतारे आणि बिलांच्या प्रती मागवल्या. इचलकरंजीच्या शेटजींच्या स्वतःच्या गोदामात जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी आलं होतं, तरी त्यांनी दोन दिवसांत सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलं. ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्ट्या, म्हणजे माल पोचवल्याच्या पावत्या, मिळाल्या. सीएंनी १ एप्रिलपासून २१ जुलैपर्यंतचं व्यापार पत्रक करून दिलं: ३१ मार्चचा शिल्लक माल १७ लाख २० हजार, अधिक खरेदी ४ लाख १० हजार, वजा विकलेल्या मालाची खरेदी किंमत १ लाख ३० हजार. उत्तर २० लाख. बँकेच्या स्टेटमेंटशी जुळलं.

इथे एक सांगते, रागावू नका. पुष्कळ दुकानदार कर्जाची मर्यादा टिकवायला बँकेच्या स्टेटमेंटमध्ये माल फुगवून दाखवतात. पूर आला की तोच फुगवलेला आकडा तुमची भरपाई कापायला वापरला जातो, आणि पुस्तकांत मात्र तेवढा माल सापडत नाही. आमचं स्टेटमेंट खरं होतं म्हणून मी भांडू शकले. ती अण्णांची शिस्त.

माल फेकल्याचा पुरावा? माझ्या पुतण्याने २३ तारखेपासून मोबाइलवर ४७ फोटो काढले होते, काही विचार न करता, नुसते मित्रांना पाठवायला. त्यात आमच्या पाटीखाली रस्त्यावर रचलेले गठ्ठे स्पष्ट दिसत होते. समोरच्या मेडिकलवाल्यांकडे जेसीबी आमचा ढीग डंपरमध्ये टाकतानाचा व्हिडिओ निघाला. नगरपालिकेकडून त्या तारखांना बाजारपेठेतला खराब माल उचलल्याचं पत्र घेतलं, तेही लगेच मिळालं.

सगळं एका फाइलीत लावलं, पानांना नंबर घातले, आणि शेवटी पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) द्यायच्या तक्रारीचा मसुदा जोडला. महिनाभरात समाधानकारक उत्तर नाही आलं तर हे दाखल करणार, असं स्पष्ट लिहिलं. लोकपालांकडे जायला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, चालतही नाही. तेव्हा मर्यादा ३० लाखांची होती, आणि एकट्या मालकीच्या दुकानाची तक्रार तिथे चालते. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी, आणि एक महिना थांबायला हवं.

तिथपर्यंत जावं लागलं नाही. डिसेंबरअखेर कंपनीने सर्व्हेअरकडून पुरवणी रिपोर्ट मागवला. सर्व्हेअरचाच फोन आला, "मॅडम, ते फोटो मूळ फाइल म्हणून पाठवा, व्हॉट्सॲपवरून नको." व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की त्याच्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. पुतण्याच्या फोनमध्ये मूळ फोटो होते म्हणून वाचलो. पूर आल्यावर जागा करायला फोनमधले फोटो पुसू नका, हे त्या दिवसापासून मी ज्याला त्याला सांगते.

फेब्रुवारीत नवा हिशेब आला. खराब माल १५ लाख ६० हजार. जुना, न खपणारा माल म्हणून ६० हजार वजा. उरलेल्या गठ्ठ्यांची भंगार किंमत ६० हजार वजा. राहिले १४ लाख ४० हजार, त्याचे पाऊण १० लाख ८० हजार, त्यातून पाच टक्के गेले. हाती १० लाख २६ हजार. पहिल्या आकड्याच्या चौपट. जुन्या मालाचे साठ हजार मला पटले नाहीत, पण कापडात फॅशन बदलते हेही खरं, तिथे वाद घातला नाही. उशिराबद्दल नियमांप्रमाणे बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज मागता येत होतं. तो मुद्दा मी दमून सोडला, त्याची चुटपूट मात्र अजून आहे. तुम्ही सोडू नका.

पुन्हा अशी वेळ आली तर माल काढायच्या आधी एकच ई-मेल टाकेन: "माल कुजतो आहे, आरोग्याला धोका आहे, अमुक तारखेपासून हटवतो आहोत, त्याआधी पाहणी करा." रेंज नसेल तर सावर्ड्याला जाऊन टाकेन. शिवाय प्रत्येक प्रकारातला एकेक नग, किंमतीच्या चिठ्ठीसकट, वाळवून पोत्यात ठेवेन. हे मला नंतर खेर्डीच्या एका हार्डवेअरवाल्या भाऊंनी सांगितलं. त्यांनी प्रत्येक पेटीचं झाकण कापून ठेवलं होतं, त्यांचा क्लेम तीन महिन्यांत निघाला.

विम्याची रक्कम आता दरवर्षी लग्नसराईच्या आधी बघतो, दुकान सर्वांत भरलेलं असतं तेव्हाचा आकडा धरून. ती २५ लाख केली आहे. पॉलिसीत वादळ आणि पूर आहे का ते वाचून घ्या, हप्ता कमी करायला काही जण तेच वगळतात. घराचा विमा असेल तर एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत कमी रकमेच्या विम्यापायी होणारी ही कपात नाही. दुकानांना ती सूट पूर्ण नाही.

एक राहिलंच. क्लेमचे पैसे दरवेळी दुकानदाराच्या हातात येत नाहीत. माल बँकेकडे तारण असेल तर ते थेट कॅश क्रेडिटला जमा होतात आणि कर्जात वळते होतात. आम्ही फेब्रुवारीतच मॅनेजरना भेटून पत्र दिलं होतं की ही रक्कम नव्या मालासाठी आणि व्यापाऱ्यांच्या देण्यासाठी उचलू द्या, मर्यादा कमी करू नका. त्यांनी मान्य केलं. मार्चमध्ये पैसे आले त्याच दिवशी अण्णांनी चेकबुक मागवलं आणि पहिला चेक इचलकरंजीच्या शेटजींच्या नावाने लिहिला.