एक्सेलचं सर्टिफिकेट घ्यायचं खरं कुठलं?

आज क्लासची चौकशी करून आलो, डोकं फिरलं बघा. भावजी म्हणतात एमएससीआयटी कर, महाराष्ट्रात सरकारी भरतीला तेच मागतात. बरोबर हाय, खरं मला बेळगावात उद्यमबागमधल्या फाउंड्रीत स्टोअरला लागायचंय, तिथं कास्टिंगचा स्टॉक काढायला एक्सेलमधलं व्हीलुकअप (यादीतनं पायजे ती नोंद शोधून आणणारं सूत्र) आणि पिवट (मोठ्या यादीची बेरीज-गोषवारा काढणारा तक्ता) पायजे. मग एमओएस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑफिस स्पेशालिस्ट सर्टिफिकेट बघितलं, त्यात टिकमार्क करायचे प्रश्न नाहीत, चालू एक्सेलमध्येच काम करून दाखवायचं, 50 मिनिटं, 1000 पैकी 700 ला पास. क्लासवाला त्यातली खालची लेव्हल असोसिएटच गळ्यात मारत होता, आणि लुकअप-पिवट तर वरच्या एक्सपर्ट लेव्हलला येतात की ओ! मी एक्सपर्टच करणार. परीक्षेचं व्हाउचर (फी भरल्याचं कूपन) स्वस्तात कुठं मिळतंय, कुणी दिली असेल परीक्षा तर सांगा, कन्नडात सांगितलं तरी चालतंय 😄