कुस्को (पेरू देश), दिवस दुसरा
३४०० मीटर उंचीवर आहोत हे विसरून सकाळी दोन जिने भराभर चढलो आणि सिंहगड चढल्यासारखी धाप लागली, मग हॉटेलवाल्या मावशींनी कोकाच्या पानांचा चहा पाजला तेव्हा कुठे जिवात जीव आला. 'कोरिकांचा' नावाचं ठिकाण मात्र डोक्यातून जातच नाहीये. खाली इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंती, त्यावर स्पॅनिश लोकांनी बांधलेला मठ, १९५० च्या भूकंपात वरचं बांधकाम पार खिळखिळं झालं आणि खालच्या भिंती जशाच्या तशा! सांध्यात नख जातंय का बघत होतो तर गार्ड ओरडला. कॅथेड्रलमधल्या चित्रात तर येशूच्या शेवटच्या जेवणात चक्क गिनीपिग वाढलंय. संध्याकाळी प्लाझाजवळ घासाघीस करून 'बेबी अल्पाका'ची (इथल्या लामासारख्या प्राण्याच्या मऊ लोकरीची) शाल घेतली, रूमवर लेबल वाचलं, ॲक्रिलिक 😅 बायकोला अजून सांगितलं नाहीये.