सेर्योझाच्या उशाशी

रविवार, रात्रीचा दीड. उद्या ऑफिस आहे, पण लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

आत्ता 'लव्ह' बघून संपवला. एमजीएमचा १९२७ चा मूकपट, टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'वरचा, ग्रेटा गार्बो आणि जॉन गिल्बर्टचा. कॉलेजात कादंबरी वाचली तेव्हा माझं सगळं लक्ष अ‍ॅनाच्या प्रियकराकडे, व्रॉन्स्कीकडे, लेव्हिनची शेती आली की भराभर पानं उलटायचे, इथे तर लेव्हिन-किटी या दुसऱ्या जोडप्याचं प्रकरणच उडवलंय, एवढा जाडजूड ठोकळा दीड तासाच्या आत बसवायचा म्हणजे दुसरं काय करणार म्हणा.

सुरुवातीला बर्फाचं वादळ. अ‍ॅनाच्या तोंडावर जाळी, ती व्रॉन्स्कीच्या स्लेजमधून सरायीत पोचते आणि आत आल्यावर जाळी वर करते, तो नुसता बघत राहतो. आपणही. एक शब्द नाही, आणि गरजही नाही. शूटिंगच्या वेळी गार्बो जेमतेम २१ ची होती, विश्वास बसत नाही.

पण जीव अडकला तो अ‍ॅनाच्या मुलात, सेर्योझात. घर सोडल्यावर ती चोरून सेर्योझाला भेटायला येते, पोरगं झोपलेलं, ती उशाशी बसते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो, किती वेळ कोण जाणे, मला तरी संपूच नये असं वाटलं. ऑडिटच्या दिवसांत मी रात्री अकराला घरी यायचे तेव्हा लेक असाच झोपलेला असायचा, शाळेचा बेल्टसुद्धा न काढता. ते सगळं एकदम वर आलं. सिनेमा थांबवून पाणी पिऊन आले.

याचे शेवट दोन आहेत. युरोपातल्या प्रेक्षकांसाठी अ‍ॅना रेल्वेखाली जीव देते तो, कादंबरीतला. अमेरिकेसाठी गोड, तिचा नवरा कॅरेनिन मरून जातो, सेर्योझा सैनिकी शाळेत असतो, व्रॉन्स्की त्याला भेटायला जातो आणि तिथेच अ‍ॅना येते. मी दोन्ही बघितले, एकामागोमाग. गोड शेवटाचा राग येणार अशी खात्री होती, टॉलस्टॉयच्या गोष्टीत अशी ढवळाढवळ करायची म्हणजे काय, आणि अजूनही तो मला खोटाच वाटतो. पण त्यात तिला मुलगा परत मिळतो ना, तेवढ्यासाठी रडले. व्रॉन्स्की मिळाला काय, न मिळाला काय.

मग उठून कपाटातून कादंबरी काढली, पाचव्या भागातला सेर्योझाच्या वाढदिवसाचा प्रसंग शोधला. आदल्या दिवशी ती दुकानात जाऊन त्याच्यासाठी खेळणी घेते, किती मायेने निवडते, आणि दुसऱ्या दिवशी नवरा समोर येतो, त्या गडबडीत पुडकं सोडायचंच राहून जातं. खेळणी तशीच परत घेऊन येते.

कॉलेजात हे वाक्य मी वाचलं असणारच. अजिबात आठवत नव्हतं.